पाणी पाजलेलं

यल्लाप्पा घोडके सोमवारी सुरी आणतो,
सोमवारी मटण बंद, म्हणून.
गोणपाटात गुंडाळलेली, त्याच्या पणज्याच्या हातची.
मूठ तीनदा बदलली, पातं तेच.
पात्यावर इंग्रजी शिक्का आहे. होता.
अब्बा त्यावरून अंगठा फिरवायचे
वाचता येत नव्हतं म्हणून.
निम्मी अक्षरं त्यांच्या हातानं गेली,
उरलेल्यातली काही माझ्या.
धंदाच असा,
धार काढायची म्हणजे थोडं लोखंड संपवायचं.

बिंदू चौकाच्या अलीकडं चार बाय सहाचं खोपटं.
आमच्यातल्या कुणीतरी दरबारच्या तलवारी उजळल्या
असं आज्जा सांगायचा.
पुरावा काही नाही, शिकलगार हे आडनाव सोडून.
मी उजळतो शिंप्यांच्या कात्र्या, उसाचे कोयते,
पार्लरवाल्या मॅडमचं बारकं बारकं सामान,
आणि खंडेनवमीच्या आधी आठवडाभर
पेठेतल्या तलवारी,
ज्यांना धार नको असते, नुसती चमक.

शमीमआपा नर्स होऊन गेली
तेव्हा गावाचं नाव फोनवर दोनदा विचारलं.
शेफील्ड.
घोडकेची सुरी त्या दिवशी दुकानातच होती.
उजेडाला धरून
उरलेली अक्षरं लावून बघितली.
लागली.

तिथं पण पाच नद्या आहेत म्हणे.
पण पाचांना मिळून एक नाव ठेवायचं
कुणाला सुचलं नाही.
चढ लई, गुडघे दुखतात.
बसचा ड्रायव्हर तिला 'लव्ह' म्हणाला,
पहिल्या दिवशी ती एक स्टॉप आधीच उतरली.
मी म्हटलं, अगं, आपण नाही का
कुणालाही भावा म्हणत?
शनिवारी फुटबॉल. निम्मं गाव लाल, निम्मं निळं,
घराघरात भांडणं.
एका टीमचं नावच बुधवार.
'पेठ?'
'नाही रे. नुसतं बुधवार.'
हे मी कट्ट्यावर सांगितलं, तर कुणी मानेना.

परवा तिनं म्युझियममधून व्हिडिओ लावला.
अंधारी खोली, मोठा दगडी चाक,
चाकामागं घोड्याच्या खोगिरासारखी लाकडी बैठक,
बसून बसून मधे खोलगट झालेली.
पुढं दोरी बांधलेली, आत जायचं नाही.
अब्बांनी फोन डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला.
'ह्यो दगड वल्ला फिरवायचे का सुका?'
आपाला ठाऊक नव्हतं. तिनं पाटी वाचली,
आधी मोठ्यानं, मग मनात.
'सुका पण,' ती म्हणाली.
'मग चाळिशीतच गेले आसतील,'
अब्बा म्हणाले, गल्लीतल्या मयताचं वय सांगावं तसं.
तिकडून आपा काही बोलली नाही.
तिच्या मागं कुणाचं तरी पोरगं
दोरीखालून वाकून
चाकाला हात लावत होतं.

अब्बा खोकत उठले.
माझ्या चाकावरच्या डब्याचं भोक
आठ दिवस बुजलं होतं,
मी तसंच काम रेटत होतो, तोंडाला रुमाल बांधून.
त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
अम्मीची गोधडी शिवायची सुई आणली,
भोक मोकळं केलं, डबा भरून आणला,
पाणी दगडावर पडायला लागलं
तसे आत जाऊन पडले.

आज सोमवार.
शिक्क्याचं शेवटचं अक्षर अगदी काठाला आलंय.
तेवढं सोडून लावावी म्हणून बघितली,
पण पातं तिथंच बोथट होतं,
आणि घोडके समोर उभा,
उद्या पहाटे त्याला बोकड कापायचंय.
लावली.

'किती?'
'चाळीस.'
'गेल्या खेपेला तीस होते की रे.'
'धा पाण्याचे,' आतून अब्बा.